सायकलीवरून देवगिरीच्या डोंगरवाटांनी

मराठवाडा म्हटला की पुण्यामुंबईकडील आप्तेष्टांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते : उन्हाने भेगाळलेली काळी जमीन, बोडके माळ आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी गावे. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी मराठवाडी मनुष्य करणार नाही. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, वायव्येस जी डोंगरांची रांग पसरली आहे, ती ज्याने एकदा श्रावणात पाहिली त्याला हे चित्र अपुरे आहे हे निराळे सांगावे लागत नाही. देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ, कन्नड आणि तेथून पुढे गौताळ्याचे अरण्य, हा सारा पट्टा म्हणजे रुक्ष पठाराच्या सागरात वर आलेले एक हिरवे बेटच होय.

या बेटावर जाण्यास हल्ली साधनांची वाण नाही. सकाळी मोटारीत बसलेले कुटुंब देवगिरीचा किल्ला, वेरूळ, मकबरा आणि पाणचक्की अशी चार स्थळे एका दिवसात उरकून दिवेलागणीला घरी परतते. चारही स्थळांची छायाचित्रे त्यांच्यापाशी असतात, परंतु त्या चार स्थळांच्या मधला प्रदेश त्यांपैकी कोणीही पाहिलेला नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी पाहण्याजोगी वस्तू हा मधला प्रदेशच आहे, आणि तो पाहण्यास सायकलीइतके योग्य दुसरे वाहन नाही. त्यासाठी कोणत्या वाटा धराव्या, कोणत्या टाळाव्या, घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनात ज्या शंका येतात त्यांचे काय करावे, आणि या वाटांची शांतता राखण्यात आपला वाटा कोणता, एवढ्याचा विचार येथे करावयाचा आहे.

भूमीची ठेवण

सायकलस्वाराने प्रथम भूमी ओळखावी, कारण तिचा परिचय त्याला पायांनीच होणार असतो. हे डोंगर सातमाळा–अजिंठा रांगेचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक निजत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. भूगर्भशास्त्रज्ञ या पाषाणाला ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीच्या वाचक शब्दावरून आला आहे. नाव मोठे अन्वर्थक आहे. आपल्या घाटांत चढ कधी एकसारखा येत नाही. एक खडी पायरी, मग थोडी सपाटी, पुन्हा खडी पायरी, असा त्याचा क्रम असतो. नवखा स्वार पहिल्याच पायरीला घाबरून खाली उतरतो. ज्याला ही ठेवण ठाऊक आहे तो जाणतो की थोडे नेटाने रेटले की विसाव्याची सपाटी पुढे आहेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही रांग दक्षिणेकडे, गोदावरीच्या खोऱ्याकडे, हळूहळू उतरत येते. उत्तरेकडे मात्र ती खानदेशात एकदम कड्याने तुटते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, आणि म्हैसमाळचे पठार सुमारे १०६७ मीटरवर. हा पाचशे मीटरांचा चढ चाळीस किलोमीटरांच्या वाटेवर पसरलेला आहे. तेव्हा शहराकडून जाणाऱ्याला डोंगर सौम्यपणे भेटतो, आणि पलीकडच्या कडेला उभे राहिल्यावर पायाखालचा खानदेश एखाद्या नकाशासारखा दिसतो. निसर्गाने ही सोय जणू संभाजीनगरच्या सायकलस्वारासाठीच करून ठेवली आहे.

पहिली वाट : देवगिरी आणि खुलताबाद

आरंभ छावणीतून करावा. छावणी, पडेगाव, मिटमिटा या मार्गाने देवगिरीचा किल्ला सुमारे १५ किलोमीटर आहे. हा तुकडा शांत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वाहनांची वर्दळ मोठी, आणि म्हणूनच तो सूर्योदयाच्या आत ओलांडावा. वाटेत माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गाचा संबंध येतो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर सायकलीला मज्जाव आहे, आणि ते रास्तच आहे, कारण तो मार्ग पोहोचण्यासाठी बांधलेला आहे. आपल्याला पोहोचण्याची घाई नाही, म्हणून आपण आपल्या जुन्या रस्त्याने पुढे जावे.

देवगिरीविषयी सुशिक्षित वाचकांस नव्याने काय सांगावे? यादव भिल्लमाने बाराव्या शतकात येथे राजधानी केली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविण्याचा खटाटोप केला आणि गावाला दौलताबाद हे नाव मिळाले. पुढे याच किल्ल्यावर किल्लेदार असलेल्या जनार्दनस्वामींच्या चरणांशी पैठणचा बालक एकनाथ विद्येसाठी आला. हिशेबातील एका अडक्याची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागविली, ही कथा आपण आपल्या मुलांना सांगतो. परंतु पैठणहून देवगिरीपर्यंतचे अंतर त्या वयाच्या मुलाच्या पायांना केवढे असेल याचा विचार आपण मोटारीत बसून करू शकत नाही. सायकलीवरून येणाऱ्याला तो अनायासे सुचतो.

किल्ला मागे टाकला की रस्ता दिल्ली दरवाजाच्या जुन्या कमानीतून जातो. कमान अरुंद असल्याने मोटारी व बस येथे एकमेकींसाठी खोळंबून राहतात, आणि सायकलस्वार मात्र बाजूने निघून जातो. येथून घाट लागतो. चढ खुलताबादपर्यंत साधारण दहा-अकरा किलोमीटरांचा, मधूनमधून दमविणारा, परंतु अवघड नव्हे. मागे वळून पाहावे, म्हणजे देवगिरीचा सुळका प्रत्येक वळणावर निराळ्या बाजूने दिसतो. हेमंतात या बाजूस सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. दौलताबादचे सीताफळ जेथे पिकते तेथेच खावे. शहरात येईपर्यंत त्याची निम्मी गोडी वाटेत सांडते, असे जाणते सांगतात.

खुलताबाद हे लहानसे, तटबंदीचे, संथ गाव. १६१० साली खडकी नावाने आपले शहर वसविणारा मलिक अंबर आणि त्याच शहराला स्वतःचे नाव देणारा औरंगजेब, हे दोघेही याच गावच्या मातीत विसावले आहेत. एक हयातभर मोगलांशी झुंजला, दुसरा मोगलांचा बादशहा. शेवटी दोघांच्या कबरींमध्ये सायकलीचे पाचदहा मिनिटांचे अंतर उरले. औरंगजेबाची कबर साधी, उघड्या आभाळाखालची आहे. पलीकडेच निद्रिस्त मूर्तीचा भद्रा मारुती. श्रावणातील शनिवारी आणि हनुमानजयंतीस येथे यात्रेकरूंची अपार गर्दी असते; ज्यांना शांत वाट हवी त्यांनी ते दिवस वगळावेत, आणि ज्यांना दर्शन हवे त्यांनी ते दिवस साधावेत.

पहिल्या खेपेस येथूनच परतावे. जातायेता पन्नास किलोमीटर होतात. सराव नसलेल्या माणसास तेवढे पुष्कळ आहेत.

दुसरी वाट : सुलीभंजन, म्हैसमाळ आणि वेरूळ

पाय तयार झाल्यावर, महिन्याभराने, खुलताबादेहून पुढे जावे. जवळच सुलीभंजनचे पठार आहे. नाथांनी गुरूच्या आज्ञेने येथे तपश्चर्या केली अशी श्रद्धा असून दत्ताचे स्थान व सूर्यकुंड आहे. येथे वाऱ्याखेरीज दुसरा आवाज क्वचितच ऐकू येतो.

म्हैसमाळ खुलताबादेहून सुमारे १२ किलोमीटर. हा रस्ता माझ्या मते या संपूर्ण प्रदेशातील सायकलीचा सर्वोत्तम रस्ता होय. मात्र कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे. पावसाळ्यात पठारावर धुके उतरते आणि दहा हातांवरचे दिसेनासे होते, म्हणून सायकलीला मागेपुढे दिवा असावा. वर गिरिजामातेचे देऊळ, दूरदर्शनचा उंच मनोरा आणि कड्यावरून दिसणारा खालचा मुलूख. लोक यास मराठवाड्याचे महाबळेश्वर म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. महाबळेश्वराचे अरण्य बारमाही हिरवे. आपले डोंगर चार महिने हिरवे, चार महिने सोनेरी आणि चार महिने राखी असतात. उन्हाळ्यात पाने झडलेल्या रानात पळस फुलतो आणि नंतर बहावा पिवळा होतो, ते वैभव सदाहरित अरण्यास कोठून लाभणार? दुसऱ्याच्या नावाने आपल्या डोंगराला ओळखण्याची सवय आता सोडावी.

परतताना दोन मार्ग आहेत. एक, खुलताबादेहून वेरूळचा छोटा घाट उतरून लेण्यांपाशी जावे. तेथे ३४ लेणी, त्यांत राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, आठव्या शतकात, माथ्याकडून पायथ्याकडे कोरीत आणलेले कैलास. पलीकडे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर. आणि गावात शिवछत्रपतींचे पितामह मालोजीराजे भोसले यांच्या घराण्याची जुनी गढी. लेणी मंगळवारी बंद असतात हे ध्यानात ठेवावे. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरास अलोट लोटणारा जनसमूह हेही ध्यानात ठेवावे. दुसरा मार्ग, खुलताबादेहून पूर्वेस फुलंब्रीकडे उतरून हर्सूलवरून शहरात यावे. खुलताबाद ते फुलंब्री या भागात शेते, वस्त्या, गोठे आणि विहिरी एवढेच आहे. पाहण्यासारखे काही नाही असे म्हणून प्रवासी इकडे फिरकत नाहीत, आणि म्हणूनच सायकलस्वाराने फिरकावे. हर्सूलचा पुढील रस्ता मात्र जळगावचा हमरस्ता असल्याने तेथे सावध असावे.

तिसरी वाट : कन्नड, गौताळा आणि पितळखोरे

ही वाट तीन दिवसांची आणि सरावलेल्या मंडळींची. पहिल्या दिवशी वेरूळास मुक्काम, दुसऱ्या दिवशी कन्नड, तिसऱ्या दिवशी अरण्य. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते आपल्या व जळगाव जिल्ह्यांत पसरले आहे. साग, सालई, धावडा, खैर, पळस, मोह असे हे पानझडीचे अरण्य. येथे बिबट्याचा वावर आहे. म्हणून वनखात्याच्या कन्नड येथील कचेरीत आधी चौकशी करावी, सायकलीला कोठवर परवानगी आहे ते विचारावे, नाक्यावर नोंद करावी आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी बाहेर पडावे. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट अरुंद, वळणावळणांचा आणि अवजड वाहनांनी बदनाम झालेला आहे. त्या घाटाने सायकलीवरून उतरण्याचा मोह कोणी धरू नये.

याच रानात एका घळीत पितळखोऱ्याची लेणी दडली आहेत. ती वेरूळहून सुमारे आठशे वर्षे जुनी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील. पाण्याने व काळाने त्यांची पुष्कळ मोडतोड केली आहे. परंतु तेथील एका ब्राह्मी लेखात दान देणाऱ्याचे नाव राहिले आहे : पैठणचा मितदेव, धंद्याने गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा एक लेख एका यक्षमूर्तीच्या हातावर कोरलेला असून ती मूर्ती घडविणारा कान्हदास हा सोनार होता असे त्यावरून समजते.

पैठणचा अत्तरवाला या निर्जन घळीत कशासाठी आला? उत्तर असे की ही घळ त्या काळी निर्जन नव्हती. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या मार्गवर्णनात पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे, आणि तेथून माल गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. पैठणहून उत्तरेस जावयाचे तर हे डोंगर ओलांडणे प्राप्तच होते. ज्या घाटवाटांनी माल खाली उतरे त्यांच्या तोंडाशी भिक्षूंनी विहार कोरले आणि व्यापाऱ्यांनी त्यांस दाने दिली. म्हणजे आपण आज ज्यांना आडवाटा म्हणतो त्या दोन हजार वर्षांपूर्वीचे राजमार्ग होत. पैठण, देवगिरी, वेरूळ, पितळखोरे ही नावे आपण पाठ्यपुस्तकाच्या चार निरनिराळ्या धड्यांत शिकतो. ती एकाच वाटेवरची चार ठाणी आहेत हे मला चाळीस वर्षे शिकवूनही इतके स्पष्ट झाले नव्हते, जितके ते अंतर स्वतः तोडल्यावर झाले.

गौताळ्याच्या पलीकडे, घाटाखाली, चाळीसगावनजीक पाटणादेवी आहे. तेथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांसमोर आणला. इसवी सन १२०७ च्या सुमाराच्या त्या लेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. लीलावतीतील गणिते सोडविणाऱ्या घरांतून या स्थळी एकदा तरी जाणे व्हावे. खानदेशच्या बाजूने चाळीसगावहून तेथे सपाट रस्त्याने जाता येते.

घरच्या शंका

आता पूर्वपक्ष मांडतो, कारण तो प्रत्येक घरात मांडला जातो.

पहिली शंका श्रमाची. सायकलीने त्याच श्रमात माणूस चालण्याच्या तिप्पट-चौपट अंतर तोडतो. आणि हल्लीच्या दात्यांच्या चक्रांनी चढही हलका होतो. फ्रान्समधील सेंत एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०), जे ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत, त्यांनी चढासाठी बदलत्या दात्यांचा पुरस्कार केला तेव्हा शर्यतवाल्यांनी त्यांची चेष्टा केली. आज दाते नसलेली प्रवासी सायकल शोधावी लागते. त्यांच्या शिकवणीचे सार आपल्या आजीबाईंनाही मान्य होईल : भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, थकण्याआधी थांबावे, आणि केवळ दुसऱ्यास दाखविण्यासाठी पाय मारू नयेत. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा यांहून सरस काही मला ठाऊक नाही. दोन लिटर पाणी प्रत्येकाबरोबर असावेच.

दुसरी शंका वयाची आणि प्रकृतीची. चाळिशीनंतर प्रथमच एवढा चढ चढणाऱ्याने वैद्याचा सल्ला घ्यावा आणि सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा मानू नये. घाटात मी स्वतः पुष्कळदा उतरून चालतो. चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. ब्रेकची रबरे निघण्यापूर्वी तपासावी, उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावावे, एकदम दाबू नयेत, आणि डोक्यास शिरस्त्राण असावे. पंक्चर काढण्याचे साहित्य, एक जादा ट्यूब व हवेचा पंप यांशिवाय घाटात जाऊ नये.

तिसरी शंका मुलींची, आणि ती सर्वांत मोठ्याने मांडली जाते. गेल्या वर्षी आमच्या थोरल्या नातीने दोन मैत्रिणींसह सायकलीने वेरूळास जाण्याचा बेत काढला, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस याच विषयाची चर्चा चालू होती. तिचे काका म्हणाले, “मोटार आहे, ड्रायव्हर आहे, हा उपद्व्याप कशाला?” तिची आई बोलली नाही, पण जेवलीही नाही. शेवटी माझ्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, माजघरातून म्हणाल्या, “नाथषष्ठीला मी पायी पैठणला गेले तेव्हा मला कोणी विचारलं नाही की मोटारीनं का जात नाहीस. पोरीबरोबर तिच्या मैत्रिणी आहेत, रस्ता माहितीचा आहे. जाऊ द्या तिला. फक्त दिवेलागणीच्या आत घरात पाय पाहिजे.” प्रश्न तेथे मिटला. अटी ठरल्या : तिघींनी एकत्र राहावे, किल्ल्यापाशी व खुलताबादेस पोहोचल्यावर फोन करावा, परतीस उशीर झाल्यास सायकली टेम्पोत घालून यावे. त्या साडेचार वाजता परतल्या. नातीने सांगितलेल्या हकिकतीत कैलासाचे वर्णन दोन वाक्यांत संपले. घाटातील एका वस्तीवरील म्हातारीने पाणी पाजून त्यांची चौकशी केली, त्या म्हातारीचे वर्णन मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत पुरले.

अमेरिकेतील स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली असे मत दिले होते की स्त्रियांच्या मुक्ततेस सायकलीने जेवढा हातभार लावला तेवढा जगातील दुसऱ्या कशानेही लावला नाही. मत अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु स्वतःच्या बळावर साठ किलोमीटर जाऊन आलेल्या मुलीची पुढे कोणत्याही प्रसंगी बसण्या-बोलण्याची तऱ्हा पाहावी, म्हणजे त्यातील तथ्य कळते. आणि धाडसाचेच म्हणाल तर १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. त्यांच्याही घरी आया होत्याच.

सावलीचा प्रश्न

शेवटी त्या गोष्टीकडे येतो जी माझ्या दृष्टीने सर्वांत कळकळीची आहे. शांत वाट ही आपोआप शांत राहत नाही. जपानात १९९९ साली समुद्रातील बेटे जोडणारे शिमानामी काइदो हे सुमारे ७० किलोमीटरांचे सेतुमार्ग पुरे झाले, तेव्हा मोटारींबरोबर सायकलीचीही वेगळी पट्टी त्यांत धरली होती. तैवान या डोंगराळ, अरण्यमय बेटाने २०१५ मध्ये संपूर्ण बेटास प्रदक्षिणा घालणारा साडेनऊशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलमार्ग आखला. तेथील लोक आपल्याहून निराळे नाहीत. त्यांनी मागितले आणि त्यांना मिळाले.

आपल्याला एवढे मोठे काही मागावयाचे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीहून दौलताबादच्या वाटेविषयी लिहून गेला आहे की दुतर्फा लावलेल्या वृक्षांमुळे प्रवाशास आपण बागेतून चाललो आहोत असे वाटावे. तुघलकास आपण लहरी म्हणतो, पण रस्त्याला सावली हवी हे त्याच्या राज्यात समजत होते. आज रस्ता रुंद करावयाचा म्हटले की प्रथम कुऱ्हाड पडते ती कडेच्या वडावर आणि कडुनिंबावर. त्या जागी लावलेली रोपे मोठी होण्यास तीस वर्षे लागतात, आणि तीही जगली तर. मोटारीतल्या माणसास सावलीची गरज नसते, कारण त्याच्यापाशी थंड हवेचे यंत्र असते. सावली लागते ती पायी जाणाऱ्या वारकऱ्यास, गुराख्यास, शाळेस निघालेल्या मुलांस आणि सायकलस्वारास. ज्या रस्त्यावरून सुशिक्षित माणसे केवळ मोटारीने जातात, त्या रस्त्यावरील झाड तुटले तर शहरात कोणाला चुटपुट लागत नाही. ज्याने त्याच झाडाखाली उतरून पाणी प्यायले आहे तोच ते तुटण्याआधी ग्रामपंचायतीस, वनखात्यास किंवा बांधकाम खात्यास अर्ज करील. म्हणून सुशिक्षित घरांतील माणसांनी या वाटांवर सायकलीने जाणे हा केवळ व्यायाम अथवा विरंगुळा नव्हे. आपल्या प्रदेशाशी आपला संबंध आहे हे त्याने सिद्ध होते, आणि ज्याचा संबंध आहे त्याचाच शब्द ऐकला जातो.

तेव्हा वाचकांस एवढीच विनंती. घराच्या जिन्याखाली जी सायकल धूळ खात पडली आहे, ती या आठवड्यात दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. चाकांत हवा भरावी, साखळीस तेल द्यावे, ब्रेकची रबरे बदलावी. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला छावणी ओलांडावी आणि देवगिरीच्या पायथ्याशी चहा घ्यावा. घरातील एक लहान आणि एक थोर असे दोघे बरोबर असल्यास उत्तम. पुढच्या वाटा मग आपोआप दिसू लागतील.